खरपुडी

आमचे अब्बा कमी बोलत. पिंजाऱ्याचा धंदा. दिवसभर धुनकीचा आवाज, नाकातोंडात कापूस, आणि संध्याकाळी गाद्या सायकलवर लादून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायच्या. बोलायला सवड नसे. पण जेवताना ताटात आम्ही काही टाकलं की ते एकच वाक्य म्हणत, "बहात्तर में हम कांदे खाए मिट्टी में के." त्यावर आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो. कांदे मातीतच असतात, त्यात काय! ते कांदे कसले, कुठले, हे आम्ही कधी विचारलं नाही. बी. एस्सी. झालो, बी. एड. झालो, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक झालो. मुलांना 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारल्याशिवाय विज्ञान येत नाही' असं सांगू लागलो. पण आपल्या बापाला एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. उर्दूच्या वर्गात दिवसभर 'हम' म्हणायची जिभेला सवय. मराठीत लिहायला बसलो तरी 'मी' लवकर हाताला लागत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मे २०२१मध्ये अब्बा गेले. करोनाची दुसरी लाट होती. मिट्टी द्यायला आम्ही चौघेच. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. कब्रस्तान गावाबाहेर माळाला लागून. मुरमाड जमीन, मध्ये दोन कडुनिंब, आणि माळाच्या बाजूला शेराची जुनी कुपाटी. त्या कुपाटीपासून आठ-दहा पावलांवर अब्बांची जागा. पहिल्या वर्षी आम्ही दर जुम्म्याला जायचो, फातेहा पढून खाली मान घालून परत यायचो. आजूबाजूला काय आहे ते दिसतच नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्ट २०२२मध्ये, फातेहा पढून उठताना कुपाटीत काहीतरी दिसलं. शेराच्या हिरव्या काड्यांना गुंडाळत एक नाजूक वेल वर चढली होती. पानं मांसल, गुळगुळीत, समोरासमोर. आणि पानांच्या बगलेत फुलं. फूल म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा अशी. बोटाच्या एका पेराएवढी लांबी. खाली फुगीर गोल, त्यावर हिरवट पांढरी अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या. पण त्या पाकळ्या उमललेल्या नाहीत. उभ्या राहून टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये पाच खिडक्या. जणू कोणी जांभळट हिरवा, इवलासा कंदील करून टांगला होता.

आम्ही विज्ञान शिकवतो खरे, पण आमचा विषय रसायनशास्त्र. झाडं आम्हाला पुस्तकातली ठाऊक. जास्वंद उभी कापली की भाग दिसतात, म्हणून जास्वंद. मक्याला तंतुमुळं, म्हणून मका. गावच्या माळावर जे उगवतं त्याची नावं आमच्या पुस्तकात नव्हती आणि आम्हीही कधी शोधली नव्हती.

मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणारं एक ॲप आहे, त्याला विचारलं. त्याने क्षणात उत्तर दिलं, ही सेरोपेजिया वूडिआय. पुढे माहिती होती : मूळची दक्षिण आफ्रिकेची, कुंडीत लावतात, बदामाच्या आकाराची पानं. आम्ही कब्रस्तानात उभे, समोर शेराचं कुंपण, आणि फोन सांगतोय की ही आफ्रिकेहून आली. एखाद्याने घरातली कुंडी इथे आणून टाकली असेल, असंही मनात येऊन गेलं. आपल्या मातीत उगवलेल्या गोष्टीला बाहेरून आलेली ठरवणं किती सोपं असतं! फोनने ठरवलं, आणि आम्ही मान्यही केलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते सांगायला जड जातं, पण सांगितलं पाहिजे. पुढच्या जुम्म्याला आम्ही घरून खुरपं नेलं आणि कुपाटीच्या बुडाशी उकरलं. वीतभर खाली एक चपटा गोल कंद लागला, लहान कांद्याएवढा. तो वेलीसकट उचलला, पिशवीत घातला आणि घरी येऊन कुंडीत लावला. काळी माती, शेणखत, सगळं भरपूर. अम्मी म्हणाली, "ये क्या बेल लाया रे?" आम्ही म्हणालो, "अब्बा के पास की है." तिने पुढे काही विचारलं नाही. फक्त कुंडी अंगणातल्या तिच्या नेहमीच्या बसायच्या जागेजवळ ओढून घेतली.

फुलं आठवड्यात गळाली. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडली, वेल वाळून गेली. अम्मीला वाटलं पाणी कमी पडतंय. तिने रोज सकाळी वजूचं उरलेलं पाणी घालायला सुरुवात केली. जानेवारीत माती उकरून पाहिली तर कंदाचा काळा चिखल झालेला. अम्मी म्हणाली, "मैं तो रोज पानी डाली. सूख रही थी ना बेचारी." तिला काय सांगणार! ती वेल मेली नव्हती, झोपली होती. पावसाळा संपला की वरचं सगळं सोडून देऊन कंदात जाऊन पडायचं, आणि पुढच्या पावसाची वाट बघायची, हीच तिची रीत. झोपलेल्याला प्रेमाने रोज पाणी पाजलं आणि तो बुडाला. त्यात अम्मीचा दोष नव्हता. उपटून आणणारे आम्ही होतो.

२०२३चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट सबंध कोरडा गेला. देशभरात शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खात्याने सांगितलं. आमच्याकडे तर तुरीने माना टाकल्या होत्या. तरी जुलैच्या थोड्याशा ओलीवर कुपाटीत वेली आल्या. या वेळी आम्ही मोजल्या, नऊ होत्या. पण नवा गोंधळ. पाच वेलींची पानं गोलसर, चार वेलींची लांब, गवतासारखी अरुंद. फुलं मात्र सारखीच. एक जात की दोन?

गावातल्या मराठी शाळेतले एक विज्ञान शिक्षक आमचे मित्र. त्यांनी श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक आणून दिलं. त्यात याच कुळीतल्या कितीतरी कंदीलपुष्पांचे फोटो बघून डोळे फिरले. शेवटी त्यांच्याच ओळखीने एका महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उपटलंय का?" आम्ही खाली बघितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. परत उपटू नका. पानावर बोट फिरवून पाहिलंत? लव लागते का?" लागत नव्हती. "लव असती तर हमण म्हटलं असतं, सेरोपेजिया हिरसुटा. ही गुळगुळीत आहे, मांसल आहे, खाली चपटा कंद आहे. ही सेरोपेजिया बल्बोसा. पानं रुंदही असतात, अरुंदही असतात. पूर्वी त्यावरून दोन प्रकार करीत. तुम्ही पानांकडे बघून भांडू नका, फूल बघा."

पानांकडे बघून भांडू नका! आम्ही परतीच्या एस. टी.त हे वाक्य मनात घोळवत राहिलो.

त्यांनी पुष्कळ सांगितलं. या वेलीला शास्त्रीय नाव दिलं विल्यम रॉक्सबर्ग यांनी, कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या त्यांच्या ग्रंथात, १७९५ साली. ही मोठ्या पट्ट्यात, कोरड्या मुलखात सापडते. पण तिच्या काही बहिणी महाराष्ट्राबाहेर कुठेच नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या बाजूची सेरोपेजिया लावीआय, कास पठारावरची जैनीआय. आणि मग ते सहज म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे का, या सगळ्या कुळीवर भारतात पायाभूत काम कोणी केलं? एम. वाय. अन्सारी यांनी. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणात होते. १९८४ साली त्यांचा या वंशावरचा ग्रंथ आला. साताऱ्याच्या डोंगरातल्या एका कंदीलपुष्पाला त्यांनी नाव दिलंय, सेरोपेजिया नूरजहानिए."

आम्ही घरी येऊन अम्मीला हे सांगितलं. ती म्हणाली, "फूल का नाम नूरजहाँ? सातारे में?" मग कितीतरी वेळ हसत होती. अब्बा गेल्यापासून तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. आम्हाला मात्र वेगळंच वाटलं. पुण्याच्या एका कार्यालयात बसून, डोंगर तुडवून, एका अन्सारींनी या फुलांची मोजदाद करून ठेवली होती, आणि विज्ञानाचा बी. एड. शिक्षक म्हणून मिरवणाऱ्या आम्हाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आमच्या मुलांना तर नाहीच.

नाव कळलं, पण गोष्ट अजून उलगडायची होती. अब्बांचे एक लहानपणचे सोबती आहेत, धनगर वस्तीवरचे. सारं गाव त्यांना तात्या म्हणतं. सप्टेंबरमध्ये त्यांना रस्त्यात गाठून फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"आरं मास्तर, ही तर खरपुडी! कुटं घावली?"

"कब्रस्तानात, तात्या. शेराच्या कुपाटीत."

ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग सांगू लागले. बहात्तरचा दुष्काळ. अब्बा दहा वर्षांचे, तात्या बारा. दोघांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. सुकडी मिळायची, तांबडी मिलो मिळायची, पण पोरांची पोटं भरत नसत. मग ही दोघं शेळ्यांमागे माळावर जायची आणि पहारीने खरपुडी उकरायची. कच्चीच खायची, मातीसकट. थोडी कडसर, पण पाणीदार.

"आमी माळ रिकामा केला, मास्तर," तात्या म्हणाले. "येक ठिवली न्हाई. भूकच तशी हुती. फुडल्या साली पाऊस झाला, पर येल काय दिसली न्हाई. तवापासनं आज बघतोय."

"मग कब्रस्तानात कशी राहिली?"

तात्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही अडाणी विद्यार्थ्याकडे पाहतो. "तितं कोन उकरनार? म्या म्हनलं हुतं तुज्या बाला, चल, तुमच्या कब्रस्तानात लई हाईत. त्यो म्हनला, न्हाई. तितं माझी दादी हाय. तितलं न्हाई खायाचं. दोन दिस पोटात काय नव्हतं त्येच्या."

आम्ही काही बोललो नाही. दहा वर्षांचा उपाशी मुलगा जिथे हात लावत नव्हता तिथे पस्तिशीच्या शिक्षकाने, पोट भरलेलं असताना, घरून खुरपं नेऊन उकरलं होतं. हे आम्ही तात्यांना सांगितलं नाही. अम्मीलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहीत आहोत.

ऑक्टोबरात शेंगा धरल्या. जोडीजोडीने, बारीक, टोकदार, बैलाच्या शिंगांसारख्या. ही वेल रुईच्या भावकीतली, म्हणून शेंगही तशीच वागते. सुकली की उकलते आणि रेशमी तंतूंना लटकलेली बी वाऱ्यावर निघून जाते. मुलं रुईच्या बीला 'म्हातारी' म्हणतात, ही म्हातारीची धाकटी नात. आम्ही शेंगांना मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या. सगळ्यांना नाही, निम्म्यांना. बाकीच्या वाऱ्याच्या. नोव्हेंबरात पुरचुंड्या सोडल्या तेव्हा आत पांढरं रेशीम गच्च भरलेलं. अम्मीने चिमटीत धरून फुंकर मारली आणि म्हणाली, "तेरे अब्बा होते तो पिंज डालते."

त्यातल्या थोड्या बिया लगेच पेरल्या. आठ-दहा दिवसांत उगवल्या, पण अवेळी उगवलेल्या त्या थंडीत टिकल्या नाहीत. उरलेल्या कागदाच्या पुडीत ठेवल्या, पावसासाठी.

आता आमचा दुसरा गुन्हा. वेलींबद्दल कब्रस्तानच्या कमिटीला आम्ही काही सांगितलंच नाही. वाटलं, हसतील. लोक पाण्याच्या टाकीसाठी भांडतात, जनाज्याच्या वाटेवर दिवे नाहीत म्हणून भांडतात, आणि हा मास्तर वेलीचं रडगाणं घेऊन आला! दोन वर्षं दर जुम्म्याला तीच माणसं भेटत होती, आणि आम्ही गप्प. मे २०२४मध्ये लोकसभेची निवडणूक लागली. आमची ड्यूटी दुसऱ्या तालुक्यात. प्रशिक्षण, साहित्य, मतदान यांत दिवस गेले. परत आलो तेव्हा माळाच्या बाजूला भिंतीचा पाया खणून झाला होता. जेसीबीने शेराची कुपाटी मुळासकट काढून बाजूला ढीग केला होता. उन्हाळ्यात वेल जमिनीवर दिसत नाही. मशीन चालवणाऱ्याला काय दिसणार? भिंत तर हवीच होती. कुत्री यायची, गुरं यायची, आणि ती भिंत व्हावी म्हणून अब्बांनी स्वतः वर्गणी दिली होती. कोणाला दोष द्यायचा? आम्ही त्या ढिगाऱ्यात दोन संध्याकाळी हात घालून चाळलं. तीन फुटके कंद मिळाले. तेही पुढे कुजले.

जून २०२४मध्ये शाळा उघडली आणि पुडी घेऊन आम्ही नववीच्या वर्गात गेलो. चोवीस बिया होत्या. दह्याचे रिकामे डबे, तळाला भोकं, निम्मा मुरूम, पाव वाळू, पाव माती. खत नाही. मागच्या कुंडीने तेवढं शिकवलं होतं. बी अर्ध्या पेराहून खोल नाही. सतरा उगवल्या. चार गोगलगाईंनी खाल्ल्या, दोन एका मुलाच्या शेळीने. पावसाळा संपला, वेली वाळू लागल्या, तेव्हा आम्ही वर्गाला सांगितलं, "आता पाणी बंद. दिवाळीपासून जूनपर्यंत एक थेंब नाही." मुलांना पटेना. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, मर जाएगी." आम्ही म्हणालो, "सो रही है." पण आतून आम्हालाही खात्री नव्हती. जून २०२५मध्ये पहिला मोठा पाऊस झाला. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी एका डब्यातून हिरवं टोक आलं. मग दुसऱ्यातून. अकरापैकी नऊ परतल्या.

ऑगस्टच्या शेवटी त्याच मुलीच्या डब्यात पहिलं फूल आलं. आता ती दहावीत. वर्गात गर्दी झाली. पुढे आणखी फुलं आल्यावर आम्ही एकच तोडलं आणि ब्लेडने उभं चिरलं. खालच्या गोल भागात तीन चिलटं, एक जिवंत. मुलांनी श्वास रोखले. मग सांगितलं : वासाने चिलट येतं, खिडकीतून आत उतरतं, घसरून खाली पडतं. नळीत खाली वळलेले केस असतात. आत जाता येतं, वर येता येत नाही. कैदेत असताना त्याच्या तोंडाला परागांच्या पिशव्या चिकटतात. मग केस कोमेजतात, फूल मान टाकतं, दार उघडतं. चिलट बाहेर पडतं आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसतं. मराठीत याला परागण म्हणतात. आमच्या उर्दू पुस्तकात ज़ीरगी. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जीरा?" वर्ग हसला. आम्हीही.

"इसको उर्दू में क्या बोलते सर?" त्या मुलीने विचारलं. आम्हाला ठाऊक नव्हतं, तसं सांगितलं. तिने फुलाकडे बघून म्हटलं, "फानूस जैसा है." तेव्हापासून वर्गात ते फानूस. आम्ही त्यांना सांगितलं, लिनियसने १७५३ साली या कुळीचं नाव ठेवलं ते ग्रीक शब्दांवरून, अर्थ मेणाचा झरा. त्यातल्या एका जातीला तो म्हणाला कँडेलाब्रम, म्हणजे दीपवृक्ष. लॅटिनमधल्या त्याच 'कँडेला'चा अरबीत किंदील झाला, तोच मराठीत कंदील. फूल पाहिलेल्या प्रत्येकाला दिवाच आठवला. परीक्षेत हे येणार का, असं एकाने विचारलं. नाही, म्हणालो. तरी पुष्कळांनी वहीत लिहून घेतलं. खरपुडी मराठीत, फानूस उर्दूत, सेरोपेजिया बल्बोसा इंग्रजीत.

कमिटीकडे शेवटी गेलो. चार वर्षांनी. जुम्म्याच्या नमाजनंतर उभं राहून सगळं सांगितलं, बहात्तरसुद्धा. कोणी हसलं नाही. एक म्हातारे म्हणाले, "मेरी माँ भी बोलती थी, वहाँ का मत खोदो." सदरसाहेबांनी नव्या भिंतीच्या आतला एक कोपरा दिला. तिथे शेराच्या काड्या खोचल्या आहेत. त्या जगतात, त्यांना कोणाची मदत लागत नाही. त्यांच्या बुडाशी तीन डब्यांतले कंद, मुलांच्या देखत, मातीत ठेवले. घेतला होता एक, परत केले तीन. हिशेब फिटला असं आम्ही म्हणत नाही.

तात्यांना फूल दाखवायला नेलं. बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खाल्ली लई, पर हिचं फूल म्या कंदी बगितलंच नव्हतं."